सेकंदाचा सोळाशेवा भाग

त्या पाच जणांच्या मंडळाला नाव नव्हतं, पण नियम मात्र कडक होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचं. प्रत्येकानं महिन्याभरात काढलेला आपला सगळ्यात आवडता एकच फोटो छापून आणायचा आणि टेबलावर पालथा ठेवायचा. पाठीवर पेन्सिलीनं तीन आकडे लिहिलेले असायचे: आयएसओ, अ‍ॅपर्चर आणि शटर, म्हणजे फोटोत उजेड किती आणि किती वेळ घेतला त्याचा हिशेब. आधी आकडे मोठ्यानं वाचायचे, त्यावरून बाकीच्यांनी फोटोत काय असेल ते ओळखायचं, आणि मगच फोटो उलटायचा. झाकण न काढता नुसत्या वासावरून भाजी ओळखण्यातलाच हा प्रकार, पण चांगली घोड्याएवढी झालेली माणसं त्यात पोरांसारखी रमायची.

नियम टायपिस्टांनी घालून दिलेला. ते कोर्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. पस्तीस वर्षं लोकांच्या साक्षी शब्द न शब्द टाइप केल्यामुळे माणसाच्या तोंडावरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता. "माणूस बोलताना थोडं इकडचं तिकडे करतोच. कॅमेरा करत नाही," असं ते दर बैठकीत एकदा तरी म्हणायचे आणि कुणी ऐकलं नाही तर पुन्हा म्हणायचे. वर्गाची किल्ली चित्रकलेच्या मॅडमकडे असायची, म्हणून त्यांना आपोआप मान होता. त्या फक्त पक्ष्यांचे फोटो काढायच्या. गॅरेजवाला गंजलेल्या वस्तूंचे फोटो काढायचा आणि फोटो हलला की लेन्सला शिव्या घालायचा. नाचता येईना अंगण वाकडं. सिस्टर या सगळ्यांत नवीन. हॉस्पिटलमधली ड्यूटी सांभाळून भावाचा जुना कॅमेरा घेऊन तीन महिन्यांपासून यायच्या, जे कळत नाही ते बेधडक विचारायच्या आणि उत्तर वहीत टिपून घ्यायच्या.

पाचवा चष्मेवाला. ही गोष्ट त्याची.

चष्मेवाल्याचं दुकान चांगलं चालायचं. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचा बदलत "हा बरा, की तो बरा?" हेच विचारायचं काम. त्यामुळे आकड्यांत त्याचा हात धरणारा मंडळात कुणी नव्हता. त्याचा फोटो कधी हललेला नसायचा, कधी जास्त उजळ नसायचा, कधी काळवंडलेला नसायचा. आणि तरीही दोन वर्षांत त्याच्या फोटोपाशी कुणी दोन मिनिटं थांबलं नव्हतं. मागे एकदा टायपिस्ट म्हणाले होते, "तुमच्या फोटोत चूक काढायला जागा नसते बुवा. पण बघायलाही काही नसतं." सगळे हसले, तोही हसला. मात्र ते वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं. वर्षातून एकदा मंडळानं निवडलेला एक फोटो वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर चौकटीत लागायचा आणि वर्षभर तिथं राहायचा. पुढचा फोटो आपला असला पाहिजे, हे त्यानं त्या दिवशी घरी जाता जाताच ठरवून टाकलं होतं.

आज निवड होती.

गॅरेजवाल्याचं गंजलेलं कुलूप झालं, मॅडमचा खंड्या झाला, टायपिस्टांचाही फोटो झाला. मग सिस्टरच्या फोटोची पाळी आली. त्यांनी वॉर्डातल्या आयाबाईंचा झाडतानाचा फोटो काढला होता. चेहरा छान आला होता, पण झाडूचा हात मात्र नुसता पुसटसा फराटा.

"हात असा का झाला, काका?" सिस्टरनी विचारलं.

टायपिस्टांना एवढं निमित्त पुरे होतं. "तुमचं शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं राहिलं. तेवढ्यात बाईंचा हात हलला. हलणारी गोष्ट जागच्या जागी पकडायची तर शटर अजून कमी वेळ उघडायचं. पण मग उजेड कमी येतो, म्हणून आयएसओ वाढवायचा, आणि तो वाढवला की फोटोत खरखर येते. उगाच कुणी वाढवत नाही. घरात बसलेल्या माणसाला शंभरावा भाग पुष्कळ झाला. हजाराच्या पुढे जायचं तर काहीतरी उडणारं नाहीतर पडणारं पाहिजे."

सिस्टरनी ते सगळं वहीत उतरवलं आणि "बसलेला माणूस, शंभर" याखाली रेघ मारली.

मग टायपिस्टांनी चष्मेवाल्याचा पालथा फोटो पुढे ओढला. "आयएसओ चौसष्टशे. अ‍ॅपर्चर दोन. शटर सेकंदाचा सोळाशेवा भाग."

"चष्मेवाले, तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळचं घुबड असणार."

"हॉलमधलं बॅडमिंटन," गॅरेजवाला म्हणाला.

"काहीतरी पडतंय," सिस्टर म्हणाल्या. आत्ताच धडा शिकलेल्या होत्या ना.

टायपिस्टांनी फोटो उलटला आणि सगळे टेबलावर वाकले.

खिडकीशी आरामखुर्चीत पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा. उजवा हात पुढे, बोटं उघडलेली. बोटांखाली वीतभर अंतरावर तिरका झालेला कप, आणि कपातून निघालेला चहा हवेत तसाच थांबलेला, वर फितीसारखा आणि खाली सुट्टे थेंब. मागे म्हाताऱ्याचा चेहरा थोडा धूसर होता, पण उघडं राहिलेलं तोंड दिसत होतं. पडणारी वस्तू आपल्या हातून सुटली हे माणसाला कळतं आणि काही करता येत नाही, तो नेमका क्षण.

"च्यायला," गॅरेजवाला हळूच म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठी दाद आजवर कुणाला मिळाली नव्हती.

टायपिस्टांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "हे तुमचे वडील ना? सलूनवाले?"

"हो."

"चाळीस वर्षं ह्यांच्या हातून दाढी केली मी. गळ्यावर वस्तरा फिरायचा आणि मी तिकडे घोरायचो." ते फोटोकडे बघत राहिले. "मागचं बोललेलं मी परत घेतो, चष्मेवाले. हा बघण्यासारखा आहे."

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं चारचौघांत, टायपिस्टांच्या तोंडून मिळालं होतं. चष्मेवाल्याला वाटलं, आता इथंच थांबावं सगळ्यांनी.

पण सिस्टर वही उघडून बसल्या होत्या. "दादा, एक विचारू? मला कळावं म्हणून विचारते. आत्ता काका म्हणाले, घरात बसलेल्या माणसाला शंभर पुरे. तुमचा आकडा सोळाशे. म्हणजे तो तुम्ही कप पडायच्या आधीच लावून ठेवला असणार. पडायला लागल्यावर बदलायला वेळ कुठला? मग कप पडणार हे तुम्हाला आधी कसं कळलं?"

त्या प्रश्नात तिळमात्र खोच नव्हती. म्हणूनच तो आरपार गेला. खोच असती तर चष्मेवाल्यानं त्यांना खोचक उत्तर देऊन वेळ मारून नेली असती. बाकीचे तिघे फोटोकडून त्याच्याकडे वळले. आकड्यांतून फोटो ओळखायची सवय लागलेली ती माणसं; आत्ता त्या आकड्यांतून त्यांना फोटोमागची खोली दिसायला लागेल की काय, असं त्याला वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

"खिडकीत चिमण्या येतात," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी लावून ठेवलं होतं. तेवढ्यात कप सुटला. नशीब."

"नशीब लागतंच," टायपिस्ट म्हणाले.

सिस्टरनी वहीत लिहिलं, "चिमणी, सोळाशे." मग पुन्हा फोटोकडे पाहून म्हणाल्या, "पण कप किती भरलेला आहे हो. हात थरथरणाऱ्या पेशंटला आम्ही अर्धाच देतो."

"मिसेसनी भरला असेल."

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, आणि टेकू म्हणून बायकोइतकं सोयीचं माणूस दुसरं नसतं. ती बिचारी तर त्या वेळी घरातही नव्हती.

मॅडमच्या डोक्यात अजून पाठीवरचे आकडे होते. आयुष्यभर खिडकीतले पक्षी टिपणाऱ्या बाई त्या. उजेडात बसलेल्या चिमणीला चौसष्टशे आयएसओ कुणी लावत नाही हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी चष्मेवाल्याकडे एकदा पाहिलं आणि नजर फोटोकडे वळवली. हात वर करायची वेळ आली तेव्हा टायपिस्ट, गॅरेजवाला आणि सिस्टर या तिघांनी चष्मेवाल्याच्या फोटोला मत दिलं. मॅडमनी गंजलेल्या कुलपाला दिलं आणि कारण सांगितलं नाही.

"पुढच्या रविवारी चौकट लागेल," टायपिस्टांनी फोटो आपल्या फाइलीत ठेवत सांगितलं. "वडिलांना घेऊन या. त्यांच्याच हातानं पडदा सरकवू."

चष्मेवाला पायीच घरी निघाला. रस्ता पंधरा मिनिटांचा, त्यानं अर्धा तास लावला.

खरं काय घडलं होतं ते चष्मेवाल्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. बाबांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. त्या हातानंच सलून बंद करायला लावलं होतं. दुपारी चारचा चहा त्याची बायको थर्मासमध्ये भरून कामावर जायची, आणि जाताना बजावायची, "अहो, बाबांना अर्धाच कप द्या." तीन ते पाच दुकान बंद असल्यानं तो देण्याचं काम चष्मेवाल्याकडे होतं. महिन्यापूर्वी एकदा बाबांच्या हातातला कप हिंदकळला आणि दोन थेंब खिडकीच्या उजेडात उडाले. त्याच्या मनात आलं, हा फोटो आहे. त्या विचारात पाप नव्हतं. पाप पुढे झालं.

सोमवारी त्यानं स्टुलावर कॅमेरा ठेवला, सोळाशेवर शटर लावलं आणि कप पाऊण भरला. सांडला नाही. मंगळवारी थोडा अजून. सांडला नाही. बुधवारी आणखी एक बोटभर. बाबा त्या दिवसांत रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसत होते. चहाचा रंग उठून दिसेल म्हणून तो मनातून खूश झाला होता. गुरुवारी त्यानं कप काठोकाठ भरला. बाबांनी तो उचलला, ओठांपाशी नेला, आणि बोटं उघडली.

कप फुटल्यावर चष्मेवाल्यानं आधी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. फोटो आला होता. मग त्यानं बापाकडे पाहिलं.

मांडीवर थोडं लाल झालं होतं, ते दोन दिवसांत गेलं. पण त्या गुरुवारनंतर बाबांनी दुपारचा चहा घेतला नव्हता. सुनेला म्हणाले, पित्त होतं. चष्मेवाल्यानं स्वतःची समजूत घातली होती की बरंच झालं, तेवढीच साखर कमी.

घरी आला तेव्हा बायको ओट्याशी होती. "लागला का नंबर?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. "अरे वा," ती म्हणाली. "बाबांना सांगा जाऊन. सकाळपासून तीनदा विचारलंय, हा आला का, हा आला का."

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. चष्मेवाला पिशवी खांद्यावर तशीच ठेवून समोरच्या पलंगावर बसला.

"दाखवलास फोटो?" बाबांनी विचारलं.

"दाखवला."

"त्या आठवड्यात माझे काढत होतास, त्यातला होता का?"

"हो."

"सोमवारचा? का मंगळवारचा?" बाबांच्या आवाजात लहान मुलासारखी उत्सुकता होती. मग ते ओशाळून म्हणाले, "गुरुवारचा नसणारच म्हणा. तो मी बिघडवला."

चष्मेवाल्यानं खांद्यावरचा पिशवीचा पट्टा सरळ केला. बाबा मात्र आज बोलायच्या लहरीत होते.

"तीन दिवस कसा धरला होता बघ. वस्तरा कानामागं न्यायचा असला की एक युक्ती असते. कोपर बरगडीला घट्ट लावायचं आणि श्वास रोखायचा. हात जागचा हलत नाही. मला वाटलं, पोरगं पहिल्यांदाच आपला फोटो काढतंय, थरथरता हात कशाला यावा त्यात. म्हणून तसाच बसायचो. गुरुवारी काय झालं कुणास ठाऊक. कप जडच लागला रे. इतका जड कप कधी लागला नव्हता. म्हटलं, चला, तेवढीही ताकद गेली आता. तेव्हापासून चहाची भीतीच बसली."

इथं गप्प राहणं अगदी सोपं होतं. "नाही बाबा, छान आला होता तुमचा मंगळवारचा," एवढं म्हटलं असतं तरी म्हातारा खूश झाला असता, आणि रविवारी काहीतरी सबब काढून त्याला घरी ठेवता आलं असतं. चष्मेवाल्याच्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. पण बापानं आपल्या अंगातली ताकद गेली असं धरून तीन आठवडे चहा सोडला होता, आणि ती ताकद गेलेली नव्हती. ती आपण मोजूनमापून भरलेल्या कपाखाली दाबली होती. ते ओझं म्हाताऱ्याच्या डोक्यावर तसंच ठेवून जेवायला बसणं त्याला जमेना.

"कप जडच होता, बाबा," तो म्हणाला. "मी भरला होता. काठोकाठ."

"असू दे रे. चुकून होतं."

"चुकून नाही. सोमवारपासून रोज थोडा थोडा जास्त भरत होतो. तो तुमच्या हातून पडावा म्हणून. मला पडतानाचा फोटो पाहिजे होता."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला, म्हणजे बायकोनंही ऐकलं होतं.

"बघू," बाबा डावा हात पुढे करत म्हणाले.

पिशवीत त्याच फोटोची आधी छापून पाहिलेली लहान प्रत होती. चष्मेवाल्यानं ती त्यांच्या डाव्या हातात दिली. बाबांनी ती खिडकीकडे धरली. गिऱ्हाइकाचे कल्ले दोन्हीकडे सारखे आलेत का ते पाहायचे, तसं मान आधी इकडे आणि मग तिकडे करून त्यांनी फोटो पाहिला. सांडलेल्या चहाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"हात हलत नाहीये इथं," ते म्हणाले.

"नाही."

"पूर्वीसारखा दिसतोय."

आता खरं बोलायला सुरुवात केलीच होती. "शटर फार कमी वेळ उघडं होतं, बाबा. तेवढ्यात कुणाचाच हात हललेला दिसत नाही."

"अस्सं," बाबा म्हणाले आणि फोटो पालथा करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पाठीवरचे आकडे वर आले. बाबांना त्यातलं काही वाचायचं नव्हतं.

"मी तो लावू देणार नाही. आत्ता टायपिस्टांना फोन करून खरं काय ते सांगतो."

"ते तुझं तू बघ." बाबा बाहेर रस्त्याकडे पाहत होते. मग त्यांनी तोंड वळवलं आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर चष्मेवाल्यानं तो खुशाल अंगावर घेतला असता. तिथं फक्त नवल होतं. एवढी साधी गोष्ट पोराला कशी सुचली नाही, याचं नवल.

"सांगायचं होतंस रे," ते म्हणाले. "मी मुद्दाम पाडला असता. तुझ्यासाठी दहा वेळा पाडला असता."

चष्मेवाल्याला पुढे होऊन त्यांचे पाय धरावेसे वाटले, रडावंसं वाटलं, पण त्याच्यानं जागचं हलवेना. त्याची नजर बाबांच्या मांडीवर गेली. उजवा हात थरथरत होता, आणि पोराला दिसू नये म्हणून बाबांनी तो डाव्या हातानं घट्ट दाबून धरला होता. कॅमेरा पिशवीत बंद होता, तरीही.